पत्र्याच्या पोटात कोण?

शंकेखोर : काका, तुम्ही रिटायर झालात तेव्हा काकूंना वाटलं होतं, आता गच्चीवर चार कुंड्या येतील. आला तो पत्रा, फायबरचं पिंप आणि कुठल्याशा मोडक्या व्हीलचेअरच्या दोन मोटारी. सगळी नोकरी तुम्ही तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला काढलीत. पंप, गिअरबॉक्स, रिअ‍ॅक्टरचे स्टिरर, जे बंद पडलं ते तुमच्या हातून चालू झालं. मशीन फिरलं की माल निघायचा, त्या कामाला काही अर्थ होता. आता सरावलीच्या दोन खोल्यांत तुम्ही इंग्रजी सिनेमातला रोबो बांधताय, पडद्यावर होता त्याच मापाचा, सूतभर इकडेतिकडे नाही. तो करणार काय? इकडून तिकडे जाईल, मान फिरवेल, शिट्ट्या मारेल. मी रोज खऱ्या रोबोबरोबर काम करते. सहा सांध्यांचा एक हात, भोवती जाळी. पोती उचलतो आणि थरावर थर रचतो. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, आणि तसा एक आपल्या घरी असावा असं कुणाच्या मनात आलेलं मी तरी ऐकलं नाही. तुम्हा लोकांना रोबो आवडत नाहीत काका, रोबोचं सोंग आवडतं.

नादिष्ट : सोंगच आहे ते, मी कुठे नाही म्हणतो? पण कुणी कुणाचं सोंग घेतलंय ते नीट बघ. मी बांधतोय तो आर्टू-डीटू १९७७ साली 'स्टार वॉर्स'मध्ये आला. तो दोन पायांवर उभा असायचा तेव्हा आत केनी बेकर नावाचा नट बसलेला असे. पावणेचार फूटही उंची नव्हती त्याची. तीन पायांवर चालायचा तो सांगाडा वेगळा, रिमोटवरचा. आणि तिसरा पाय पोटातून बाहेर येऊन हे पिंप पुढे कलतं असं जे आपण पडद्यावर पाहतो, ती कात्रीची करामत. एक तुकडा या सांगाड्याचा, पुढचा त्या. 'लॉस्ट इन स्पेस' ही १९६५ ते ६८ची मालिका घे. त्यातल्या रोबोच्या आत बॉब मे, आणि आवाज तिसऱ्याच माणसाचा, डिक टुफेल्डचा. बीबीसीच्या 'डॉक्टर हू'मधले डालेक, १९६३चे. आत माणूस बसून पायांनी गाडा ढकलतोय आणि पुढे रोखलेला भयंकर हात म्हणजे मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप. यातलं एकही यंत्र यंत्र नव्हतं. आता घरी बनवणाऱ्याचं बघ. त्याच्याकडे आत कोंबायला नट नाही आणि हातात कात्रीही नाही. समोर बसलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत तिसरा पाय बाहेर यायला हवा, भार पुढे सरकायला हवा आणि अख्खं धूड तोंडावर आपटता कामा नये. ही मंडळी याला टू-थ्री-टू म्हणतात आणि त्यापायी वर्षंच्या वर्षं घालवतात. अस्सलाला जे कधी जमलंच नाही ते नकलेला करून दाखवावं लागतं. नोकरीत मी सगळं उलटं पाहिलं. अस्सल पार्ट चालायचा, नकली दोन महिन्यांत राम म्हणायचा.

शंकेखोर : वा! पण अडचण तुम्हीच निर्माण केलीत आणि ती सोडवल्याचं कौतुकही तुम्हीच करताय. दोन पायांवर उभं राहणारं, तळव्यांखाली बारकी चाकं असलेलं, वरून जड डोक्याचं पिंप कुठल्या इंजिनियरने आपणहून काढलं असतं? आत एक माणूस मावावा म्हणून त्याला ते पोट आहे. सरावलीचा रस्ता सोडा, ते आपल्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. तारापूरलाच बघा. तिथे अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत माणूस जाड शिसेकाचेच्या अलीकडे उभा राहतो आणि त्याने इकडे मनगट वळवलं की पलीकडच्या किरणोत्सारी खोलीत पोलादी मनगट वळतं. भाभा अणुसंशोधन केंद्रात यांत्रिक हात आणि रोबोटिक्स यांसाठी एक स्वतंत्र विभागच आहे. त्या हाताचा प्रत्येक सांधा कामाने ठरवलेला आहे. कुठे किती लांब, कुठे किती वळेल, पकड कशी, सगळ्याला कारण आहे. तुमच्या घरापासून पाच-दहा मैलांवर असलेली ही गोष्ट सोडून तुम्ही हॉलिवूडच्या पिंपाकडे गेलात, कारण त्या पिंपाची गोष्ट कुणीतरी सांगितली आणि या हाताची कुणी सांगितली नाही. म्हणून मला वाटतं, तुम्ही बांधताय ते यंत्र नव्हे. एका गोष्टीचं स्मारक बांधताय.

नादिष्ट : गोष्टीने ओढलं, खरं आहे. पण गोष्ट फार तर पहिले सहा महिने पुरते. त्यानंतर माणूस टिकतो तो वजनामुळे. तू 'सूतभर इकडेतिकडे नाही' म्हणून हिणवलंस ना, सगळी गंमत त्याच मापात आहे. मुलं दिवाळीत अंगणात किल्ला करतात. दोन फुटांचा प्रतापगड कसाही थापला तरी उभा राहतो, कारण त्या मातीला स्वतःचंच ओझं जाणवत नाही. खऱ्या गडाच्या तटाला जाणवतं. यंत्राचंही तसंच. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि शाफ्टच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपट. म्हणजे खेळण्यातला आर्टू टेबलावरून पडला तरी हसून उचलता येतो. साडेतीन फुटांचा पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा बांधला तर शंभर किलोच्या घरात जातो आणि पडला तर फरशी जाते, कुणाचा तरी पाय जातो. छोट्या मॉडेलमध्ये माणूस स्वतःला फसवू शकतो. मूळ मापाला आलं की बेअरिंग बोलायला लागतं. मी हा बांधतोय तो मुख्यतः पातळ प्लायचा आणि पीव्हीसी शीटचा, डोकं फायबरचं. तरी घोट्याचा सांधा दोनदा लेथवर चढवावा लागला.

आणि माणसाच्या मापाचंही सांगतो. गाएल लँजव्हँ नावाचा एक फ्रेंच शिल्पकार आहे. त्याने २०१२ साली इनमूव्ह सुरू केला. पूर्ण मापाचा माणूस, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, आराखडे सगळ्यांना फुकट. त्याचा नियम असा की कुठलाही भाग बारा सेंटिमीटरच्या ठोकळ्यात मावला पाहिजे, कारण स्वस्तातल्या प्रिंटरचा जीव तेवढाच. बारा सेंटिमीटरचे तुकडे जोडत जोडत माणूस! आणि त्याची बोटं वळतात ती मासेमारीच्या दोऱ्याने. हे वाचलं त्या दिवशी मी सातपाटीला जाऊन उभा राहिलो. तंगूस घेऊन आलो, एक बोट करून पाहिलं. साधा तंगूस ताण बसला की लांबतो आणि बोट अर्धवट उघडं राहतं. त्याला विणलेला दोरा लागतो. आता सांग, हे मला कुठल्या गोष्टीने शिकवलं?

शंकेखोर : बोटाने शिकवलं, कबूल. पण माणसाच्या मापाचा विषय तुम्हीच काढलात तर त्याबद्दलची माझी अढी ऐका. वजनाबद्दल तुम्ही बोललात, मला नजरेबद्दल बोलायचंय. टेबलावरच्या बाहुलीकडे आपण वरून बघतो. आपल्याएवढं काही समोर उभं राहिलं की आपण त्याच्या डोळ्यांत बघतो, मग ते डोळे म्हणजे दोन एलईडी का असेनात. २०१७च्या डिसेंबरात सोफिया नावाची ती प्रसिद्ध बाई-रोबो पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये आली होती. तिला साडी नेसवली होती. हजारो शहाणी मुलं समोर बसलेली आणि यंत्राला साडी! तिला काय येतं, किती येतं, हे विचारायच्या आधीच तिला पाहुणी करून टाकलं. पुढे पवईच्याच केंद्रीय विद्यालयातल्या एका संगणक शिक्षकांनी, दिनेश पटेल यांनी, पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम असं टाकाऊ सामान जमवून घरी 'शालू' बनवली. रजनीकांतचा 'रोबोट' पाहून त्यांना सुचलं. सुमारे तीन वर्षं, पन्नासेक हजार रुपये. त्या माणसाच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण तेव्हाच्या बातम्या आठवा. सत्तेचाळीस भाषा बोलते, हे सगळीकडे छापून आलं. मान कशी वळते, कुठली मोटार, किती वेळाने तापते, हे कुणी विचारलं नाही. चेहरा बसवला की हे प्रश्न संपतात. माझ्या पोती रचणाऱ्या हाताला कुणी 'तुला कसं वाटतं' असं विचारत नाही, म्हणून त्याचा मेंटेनन्स वेळेवर होतो.

याच्या शेजारी गोव्यातलं उदाहरण ठेवते. फोंड्याजवळ बेतोड्याला बिपिन कदम म्हणून रोजंदारीवर काम करणारे गृहस्थ आहेत. मुलगी दिव्यांग, हाताने जेवता येत नाही. आई आजारी, अंथरुणाला खिळलेली. भरवणार कोण? या माणसाने कसलंही तांत्रिक शिक्षण नसताना इंटरनेटवर बघून बघून सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि जेवण भरवणारं यंत्र केलं. मुलगी तोंडाने सांगते, भाजी की डाळभात, त्याप्रमाणे घास पुढे येतो. २०२२ साली हे सगळीकडे आलं. गोव्याच्या इनोव्हेशन कौन्सिलने पाठबळ दिलं. नाव काय ठेवलं? 'माँ रोबो'. नाव आईचं, पण त्याला आईचं तोंड लावलेलं नाही. घरी बनवलेला रोबो म्हणायचं तर मी याला म्हणेन.

नादिष्ट : कदमांच्या नावाने मीही हात जोडतो. पण त्यांना माझ्यावर काठीसारखे उगारू नकोस, कारण मग प्रश्न असा होतो की कामगाराने काहीही बनवायचं तर आधी घरात दुःख असायला हवं. गरज दाखव आणि मग यंत्र कर. हौस कुणी करायची? अमेरिकेत ज्याच्या घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे त्याने? तू शिकलेली आहेस, ड्रॉइंग तुझ्या टेबलावर येतं, त्यावर तुझी सही असते. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकही यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं नाही. बंद पडलेलं चालू करायचं, एवढंच. ते कुणीतरी जर्मनीत नाहीतर कोइम्बतूरला डिझाइन केलेलं. मी त्याच्यात हात घालायचा आणि शिफ्ट संपायच्या आत बाहेर काढायचा. मशीन माझं नाही, माल माझा नाही, आणि सुटी घेतलेल्या दिवशी बिघाड झाला तर दोष मात्र माझा. आता हा घोट्याचा सांधा बघ. किल्लीची खाच किती खोल घ्यायची हे मी ठरवलं. चुकलं तेही माझंच.

आणि उपयोगाचं काय घेऊन बसलीस? गणपतीत आपल्याकडे हलते देखावे होतात. पुण्यात तर त्यांच्यासाठी गल्लोगल्ली गर्दी. अफझलखान दहा रात्री पोट धरून मागे कोसळतो आणि पुन्हा उठतो. त्याच्या पोटात काय असतं, पाहिलंयस? गाडीच्या वायपरची मोटार, सायकलची चेन, लाकडी कॅम, कुठे कप्पी, कुठे तारेने ओढलेला कोपर. गाडीचा वायपर अर्धवर्तुळात इकडेतिकडे जातो, तोच हात हलवायला नेमका लागतो. परदेशातले हौशीदेखील हीच मोटार शोधत भंगारात फिरतात. आमच्या कारागिरांनी पूर्ण मापाच्या हलत्या आकृत्या या लोकांच्या क्लबांच्या कितीतरी आधी केल्या. त्यांना कुणी रोबोवाले म्हटलं नाही, आणि त्या मंडळांना कुणी विचारलं नाही की याचा उपयोग काय.

शंकेखोर : मंडळाला विचारत नाहीत, कारण मंडळ वर्गणी घेतं आणि गल्लीला दाखवतं. दहा दिवस झाले की आकृत्या गोदामात जातात किंवा दुसऱ्या मंडळाला भाड्याने. तुमचं पिंप कपाटाच्या जागी उभं आहे. पण राहू दे ते. पुण्याचंच दुसरं उदाहरण देते. २००८ साली एबीयू रोबोकॉन स्पर्धा पुण्याला झाली. आशिया-पॅसिफिकमधली इंजिनियरिंगची मुलं आपापले रोबो घेऊन आली. त्या वर्षीचा खेळ काय होता माहीत आहे? गोविंदा. दहीहंडी! थर, उंची, लोणी, सगळं त्यात होतं. आणि एकाही संघाने लंगोट लावलेला गोविंदा बांधला नाही. कुणी शिडीसारखं उलगडणारं काही केलं, कुणी उचलणारा हात केला. गोष्ट घेतली आणि शरीर सोडून दिलं. इतकी आपली गोष्ट, इतकी सगळ्यांना कळणारी, आणि तरी यंत्राला यंत्रासारखं राहू दिलं. तुम्हाला हे का जमत नाही? वारली पाड्यातला तारपा वाजवणारा करा म्हणत नाही मी...

नादिष्ट : नकोच म्हणूस. तारपा वाजवणारा माणूस इथे जिवंत आहे, अजून वाजवतो. त्याचा पुतळा हलवून मी काय मिळवू? ज्याला जिवंत नमुना नाही त्याचीच नक्कल करण्यात मजा आहे. आणि रोबोकॉनची ती यंत्रं आज कुठे आहेत? स्पर्धा झाली, मोटारी काढून पुढच्या वर्षीच्या यंत्राला लावल्या. बरोबरच केलं, त्यांना जिंकायचं होतं. माझ्याकडे जिंकण्यासारखं काही नाही, म्हणून माझं लवकर संपतही नाही.

शंकेखोर : आणि ज्याची नक्कल करताय तो तुमचा नाही. त्याचे हक्क एका कंपनीकडे आहेत. उद्या त्यांनी डोळे वटारले तर?

नादिष्ट : आजवर वटारले नाहीत. आर्टू बांधणाऱ्यांचा क्लब १९९९ला सुरू झाला. पैसा कमवायचा नाही, एवढं पथ्य ती मंडळी पाळतात. उलट झालं असं की २०१३ला जर्मनीतल्या एका मेळाव्यात क्लबवाल्यांनी आपले आर्टू मांडले होते, ते पाहून निर्मातीनेच ऑली स्टीपल्स आणि ली टाउर्झी या दोघा हौशींना पुढच्या सिनेमासाठी बोलावलं. २०१५च्या सिनेमातला आर्टू या नकलाकारांच्या हातचा आहे.

शंकेखोर : म्हणजे इतकी वर्षं पदरमोड करून लोकांनी कंपनीचं प्रशिक्षण केंद्र चालवलं.

नादिष्ट : तसंही म्हण. मी एवढंच म्हणतो की आता अस्सल कुठलं ते तू मला दाखव. मूळच्या आर्टूच्या डोक्यावर जे होलोप्रोजेक्टर होते, ते जुन्या व्हिकर्स व्हायकाउंट विमानातल्या प्रवाशांच्या वाचायच्या दिव्यांचे भाग. ती विमानं आपल्या इंडियन एअरलाइन्सकडेही होती. म्हणजे अस्सलही भंगारातूनच आलेलं. सेटवरचे सगळे आर्टू तरी एकसारखे कुठे होते? बीबीसीच्या डालेकचे नकाशे 'रेडिओ टाइम्स'ने १९७३ला छापले आणि घराघरांत लोकांनी प्लायवुडचे डालेक केले. मी ज्याच्याशी इमान राखतोय ती एक वस्तू नाहीच. शेकडो लोकांनी मिळून ठरवलेलं एक माप आहे.

(दोघांनीही खर्चाचा विषय शेवटपर्यंत टाळला, याची नोंद इथे करायला हवी. काकांना आकडा सांगायचा नव्हता आणि पुतणीला माहीत होतं की काकू ऐकताहेत.)

शंकेखोर : ठीक. मग माझा आक्षेप जरा सरकवते. नक्कल करा. पूर्ण मापाची करा. उपयोग नसू दे. पण तुम्ही मघाशी फार खूश होऊन सांगितलंत की अस्सलात माणूस लपलेला होता आणि तुमच्यात नाही. खरंच नाही? एका बड्या कंपनीने २०२१ला माणसासारखा रोबो करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा मंचावर रोबोचा वेष घालून माणूस नाचला. चला, निदान तो वेष होता हे दिसत तरी होतं. पुढे २०२४च्या ऑक्टोबरात त्यांचेच खरेखुरे रोबो पाहुण्यांशी गप्पा मारत पेयं देत होते. नंतर कळलं की बरंचसं दूर बसलेली माणसं चालवत होती. माणूस आतून निघून बाजूच्या खोलीत गेला, एवढीच प्रगती. आणि तुम्ही काय करणार? यंदा गणपतीत मंडपाशी हा उभा कराल. एखादी चिमुरडी समोर येईल. हा मान वळवून तिच्याकडे बघेल, शिट्टी मारेल. ती घरी जाऊन आईला सांगेल की त्याने मला ओळखलं. आणि तुम्ही चार पावलांवर, पिशवीत रिमोट धरून, दुसरीकडे बघत असल्यासारखे. पोटातला केनी बेकर तुम्हीच झालात की!

नादिष्ट : हे लागलं. पण मी त्याला फसवणूक म्हणायला तयार नाही. जव्हार-मोखाड्याकडे तू बोहाडा पाहिलायस का? रात्री संबळ वाजतो, पलित्याच्या उजेडात एकेक सोंग येतं. भलेमोठे मुखवटे, देवांचे, राक्षसांचे. कुठल्या मुखवट्याखाली कुठल्या घरचा माणूस आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. सकाळी त्याच्या शेतावरून गेलेले असतात लोक. तरी देवीचं सोंग समोर आलं की हात जोडले जातात. ते हात मुखवट्याला जोडतात की आतल्या शेजाऱ्याला? दोघांनाही नाही. माहीत असूनही मान देता येतो, हे आपल्या माणसाला कळतं. माझ्या पिंपापुढे थांबणारी चिमुरडीदेखील तेवढी शहाणी असते. तिला पत्रा दिसतोच.

शंकेखोर : मोखाड्याचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं, काका. तिथे माहीत असतं म्हणूनच ते खोटं नाही. कोणतं सोंग कुणी नाचवायचं हे गावात ठरलेलं असतं. मुखवटा उतरला की तो माणूस घामेजलेल्या तोंडाने तुमच्याशेजारी बसून चहा पितो. तुम्ही त्या मुलीला मुखवटा उतरवून कधी दाखवणार? मग माझी मागणी साधी आहे. रिमोट गळ्यात अडकवा, उघड. लोकांना दिसू दे की काका चालवताहेत.

नादिष्ट : दिसला की सगळे माझ्याकडे बघतात. अनुभवाचं सांगतो. नुसतं डोकं तयार झालं होतं तेव्हा शेजारच्या पोरांना दाखवलं. रिमोट दिसेपर्यंत ती डोक्याशी बोलत होती. दिसल्यावर 'मला द्या, मला द्या' सुरू. पाच मिनिटांत ती रिमोटवर आणि डोकं एकटं. मग मी इतकं बांधलं कशाला? बाजारात रिमोटची गाडी मिळते.

शंकेखोर : पण 'मला द्या' म्हणणारं पोरच उद्या तुमच्याकडे शिकायला येईल ना? जे नुसतं डोक्याशी बोलत बसलं ते सोफियाला साडी नेसवणाऱ्यांत जाईल.

नादिष्ट : असं कसं? तू स्वतः कुठल्या बाजूने आलीस आठव. लहानपणी मंडपात त्या हलत्या हत्तीपुढून हलायला तयार नव्हतीस. पडद्यामागे जाऊन मोटार बघायचं तुला नंतर सुचलं. आधी हत्ती खरा वाटावा लागला.

शंकेखोर : वाटला होता. आणि पडद्यामागे मला तुम्हीच नेलं होतंत. तो पडदा बाजूला करणारा माणूस तुम्ही होतात म्हणून तर मी आज एवढी भांडतेय. बरं, रिमोट राहू दे. दुसरं एक विचारते, त्यात वाद नको. स्टॉप कुठे आहे याचा?

नादिष्ट : रिमोटवर आहे ना.

शंकेखोर : रिमोट तुमच्याकडे आणि मूल रोबोपाशी. रिमोटचा सिग्नल गेला, मोटार चालूच राहिली, समोर दोन वर्षांचं पोर. आमच्याकडे रोबोच्या भोवती कुठेही उभे असलात तरी हात पोचेल तिथे लाल बटण लागतं. छत्रीसारखं टोपण, मागे पिवळं. ते दाबायला शिक्षण लागू नये, असा हिशेब असतो.

नादिष्ट : मागच्या बाजूला झडप आहे, तिच्या आत बसवतो.

शंकेखोर : झडप उघडून दाबायचं? तोवर पाय चिरडला.

नादिष्ट : अगं, मूळ आर्टूच्या अंगावर असं बटण नाही. जगात शेकडो लोकांनी मिळून जे माप धरलंय, त्यात ते बसत नाही. आणि ते लाल टोपण दिसलं की बघणाऱ्याला पहिल्या क्षणाला कळतं, हे मशीन आहे.

शंकेखोर : मला तेच हवंय. तुम्ही म्हणालात ना, मूळ मापाला आलं की खोटं चालत नाही, वजन बोलतं? मग साठ-सत्तर किलोचं मशीन पोरांत फिरणार असेल तर ते मशीन आहे हे त्याने स्वतःच सांगायला हवं. केनी बेकरला बटणाची गरज नव्हती. तो माणूस होता, समोर पोर दिसलं तर थांबला असता.

नादिष्ट : हे मात्र... बरं, एक सांगतो. त्याच्या अंगावर निळ्या पट्ट्या आहेत. त्यांतल्या एका पट्टीवर निळं बटण बसवलं तर? हात पोचेल, माप बिघडणार नाही, डोळ्यांत खुपणारही नाही.

शंकेखोर : डोळ्यांत न खुपणारं स्टॉप बटण मी आजवर पास केलेलं नाही, काका.

नादिष्ट : लाल केलं तर तो आर्टू राहत नाही.

शंकेखोर : आणि निळं केलं तर मी त्याला मंडपात येऊ देत नाही.

नादिष्ट : मग आधी तिसरा पाय नीट बाहेर येऊ दे, बटणाचं नंतर बघू.

शंकेखोर : नाही. बटण आधी.